आपल्या मापाची होडी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेसाठी चिटणिसांनी जी विषयसूची आखली, तीत संतवाङ्मय होते, नाट्यसंगीत होते आणि बंगाल-महाराष्ट्राच्या ऋणानुबंधांचा इतिहासही होता. हे सर्व विषय आमच्याहून अधिकारी व्यक्तींनी आधीच पत्करले असल्यामुळे आमच्या वाट्यास काय उरणार, हा प्रश्नच होता. तेव्हा चिटणीस म्हणाले, "साहेब, तुम्ही त्या होडीवरच बोला." गेली दोन वर्षे मंडळाच्या प्रत्येक पंगतीत आमची होडी हा श्रीखंडाच्या खालोखाल चवीने चघळला जाणारा विषय झालेला आहे, याची आम्हांस कल्पना आहे. तेव्हा तिची खरी हकीगत आज एकदा सांगून टाकावी आणि तिच्यापायी ज्या चार गोष्टी आम्ही महागात शिकलो त्या आपणांस फुकट द्याव्यात, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

विषयाचे नाव कार्यालयीन भाषेत सांगावयाचे तर असे : 'धिप्पाड शरीरयष्टीच्या गृहस्थाने दुसऱ्याने वापरलेली समुद्री कयाक कशी निवडावी.' कयाक ही उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची होडी. अरुंद, लांब, वरून झाकलेली. मधोमध एक भोक. त्यात माणसाने कमरेपर्यंत उतरून पाय पुढे पसरून बसावयाचे आणि दोन्ही टोकांस पाते असलेल्या वल्ह्याने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाणी मारावयाचे. ते लोक लाकडाच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवीत. आज ती फायबरग्लासची किंवा जाड प्लास्टिकची असते. समुद्रावर वापरावयाची कयाक सामान्यतः पाच ते साडेपाच मीटर लांब आणि पन्नास ते साठ सेंटीमीटर रुंद असते. म्हणजे लांबी रेल्वेच्या तीन बाकांएवढी आणि रुंदी एका माणसापुरती. तो एक माणूस केवढा, हाच आजचा प्रश्न आहे.

आम्ही सियालदहला राहतो. सियालदहचा आणि होडीचा संबंध काय, असे कोणी विचारील. स्थानकासमोरून जाणारा आचार्य प्रफुल्लचंद्र मार्ग आणि त्याला जोडून दक्षिणेस जाणारा आचार्य जगदीशचंद्र बोस मार्ग, म्हणजेच जुना सर्क्युलर रोड, हा मराठा खंदकाच्या रेषेवर वसला आहे. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीने १७४२ साली कलकत्तेकरांनी तो खणावयास घेतला. स्वार काही इथवर आले नाहीत. खंदकही पुरा झाला नाही. आणि १७९९ साली त्याचा मोठा भाग बुजवून त्यावर रस्ता करण्यात आला. त्या रस्त्यावरून आम्ही रोज कचेरीस जातो. आपल्या माणसांना बाहेर ठेवण्यासाठी जो खंदक खणला, त्याच्याच काठी आज आपली बिऱ्हाडे सुखाने नांदत आहेत, हे मनात आले की गंमत वाटते.

त्यापुढची गोष्ट अधिक गोड आहे. १९६९ साली याच कलकत्त्याहून पिनाकीरंजन चटर्जी आणि जॉर्ज अल्बर्ट ड्यूक हे दोन साहसी तरुण केवळ वल्ह्यांच्या बळावर बंगालचा उपसागर ओलांडून ३३ दिवसांत अंदमानला पोहोचले. त्यांच्या होडीचे नाव होते 'कान्होजी आंग्रे'. खंदक खणला गेला त्यानंतर २२७ वर्षांनी बंगालच्या भूमीवरून निघालेली नाव आमच्या कुलाब्याच्या सरखेलांच्या नावाने समुद्रावर गेली! ही हकीगत आम्ही प्रथम इथल्या एका वृद्ध बंगाली सहकाऱ्याच्या तोंडून ऐकली, आणि मग आमच्या मनात जे एक जुने बीज पडून होते त्याला मोड आला.

आमचे बालपण रेवदंड्याच्या खाडीकाठी गेले. काकांची एक लहानशी होडी होती. त्यानंतर शिक्षण, नोकरी, बदल्या. दिल्ली, नागपूर, पुन्हा दिल्ली आणि शेवटी कलकत्ता. या चौतीस वर्षांत वल्हे हातात धरल्याचे आठवत नाही. पन्नाशी उलटली आणि गुडघ्यांनी कुरकूर सुरू केली. डॉक्टर म्हणाले, "चालणे बेताने करा, पण हातपाय हलते ठेवा. ज्यात गुडघ्यावर भार येत नाही असा काही व्यायाम पाहा." त्यांच्या मनात बहुधा पोहणे होते. आमच्या मनात एकदम होडी आली.

नवी कयाक परदेशातून मागविणे परवडणारे नव्हते. आपल्या देशात हे प्रकरण अजून विरळा. वास्तविक कौस्तुभ खाडे या आपल्या मराठी तरुणाने द्वारकेपासून कन्याकुमारीपर्यंत पश्चिम किनारा कयाकने पालथा घातला, त्यानंतर मुंबईकडील तरुण मंडळींत तिचे नाव पुष्कळ झाले. तथापि बाजारात जाऊन चार कयाका उलटसुलट करून पाहाव्यात, अशी सोय कलकत्त्यात नव्हती. अखेरीस, बदली होऊन शहर सोडून निघालेल्या एका गृहस्थांकडे एक वापरलेली कयाक असल्याचे समजले. दूरध्वनीवर बोलणे झाले. त्यांनी सरळ प्रश्न विचारला, "आपले वजन किती?"

आणि येथे, सभ्य स्त्रीपुरुषहो, आम्ही चुकलो. आम्ही म्हणालो, "अठ्ठ्याण्णव किलो."

हा आकडा खोटा नव्हता. तो आमच्या सेवापुस्तकाशी जोडलेल्या वैद्यकीय तपासणीच्या कागदावर स्वच्छ टंकलिखित स्वरूपात होता. फक्त तो कागद नऊ वर्षांपूर्वीचा होता. सरकारी नोकराचा कागदावर विश्वास फार; पण पाणी काही कागद वाचत नाही. ते गृहस्थ म्हणाले, "ही होडी १५० किलो भार पेलते असे तिच्या पत्रकात लिहिले आहे. मग काही अडचण नाही." त्यांचा दोष तिळमात्र नाही. आम्ही जे सांगितले त्यावर त्यांनी विसंबून राहावे, हे योग्यच होते.

होडी छोट्या मालमोटारीवर चढवून सोनारपूरजवळ आमच्या एका स्नेह्यांच्या बागेतील पुष्करिणीवर नेली. आम्ही दोघे सियालदहहून दक्षिण शाखेच्या लोकलने गेलो. आमच्या सौ.ना आम्ही आदल्या रात्री पुस्तकातील माहिती वाचून दाखविली होती, की कयाक उलटली तर माणसाने घाबरू नये, शांतपणे पाय सोडवून बाहेर यावे. याला पाच-सहा सेकंद पुरतात. काठावरून कोणीतरी मोजत राहावे. ते काम त्यांनी पत्करले होते.

बसतानाच दोन माणसांनी आम्हांस आत सारावे लागले. गंमत म्हणून सर्व हसले, आम्हीही हसलो. होडी काठापासून चार हात गेली असेल नसेल, आम्ही वल्हे उचलले मात्र, ती शांतपणे उजवीकडे कलंडली आणि आमच्यासह उलटी झाली. डोके खाली, भोवती हिरवा अंधार. आम्ही पाय ओढले, ते येईनात. मांड्या तोंडाच्या कडेत अडकल्या होत्या आणि पावले पुढच्या छताखाली आडवी रुतली होती. बागेतील दोन माळी पाण्यात उडी घेऊन आले, त्यांनी होडी उलथवली आणि आम्ही वर आलो. आम्हांस त्या वेळेचे काही माप सांगता येत नाही. सौ. मोजत होत्या. त्यांनी नंतर सांगितले, "सव्वीस."

परतीच्या लोकलमध्ये त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. खिडकीबाहेर गडिया, बाघाजतीन, ढाकुरिया एकामागून एक गेले. आज ना उद्या ही होडी विकून टाका असे त्या म्हणणार, याची आम्ही खूणगाठ बांधली होती, आणि त्यावर आमच्यापाशी उत्तरही नव्हते. सियालदहच्या फलाटावर उतरलो, गर्दी ओसरू दिली, आणि मग त्या म्हणाल्या, "अहो, होडीचा नाद सोडा असं मी म्हणत नाही. बऱ्याच दिवसांनी तुम्ही कशानं तरी खुशीत होतात. पण घ्यायची ती आपल्या मापाची घ्या. आणि वजन खरं सांगा."

आमचे पुढील सर्व ज्ञान या दोन वाक्यांवरील टीका समजावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घराजवळील कोले मार्केटमध्ये गेलो. तेथे भाजीच्या घाऊक व्यापाऱ्यांचे मोठे काटे असतात. एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर, बटाट्याची पोती उतरल्यावर, आम्ही पायांत बूट आणि अंगात लाइफ जॅकेट घालून उभे राहिलो. काटा ११६ वर थांबला. बूट-जॅकेट वजा जाता ११२. म्हणजे सेवापुस्तक आणि सत्य यांत चौदा किलोंची तफावत होती. भोवती हमाल जमले होते. त्यांपैकी एक म्हातारा, ज्याच्या डोक्यावरून त्या बाजारातील किती पोती गेली असतील देव जाणे, आम्हांस म्हणाला, "बाबू, ओझं किती ते नंतर बघा. ते बसतं कुठं ते आधी बघा." नौकाशास्त्राचा अर्धा ग्रंथ त्याने एका वाक्यात सांगितला, हे आम्हांस पुढे कळले.

आता त्या शास्त्राकडे वळू. आर्किमिडीजचा सिद्धांत आपण सर्वांनी शाळेत पाठ केला आहे : तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारते. पंचवीस किलोंची होडी आणि ११६ किलोंचा सालंकृत इसम मिळून १४१ किलो. तेव्हा गोड्या पाण्यात १४१ लिटर पाणी हटले पाहिजे. ते हटावे म्हणून होडी तेवढी खाली बसते. किती बसते? पाच मीटरच्या कयाकेचा पाण्याच्या पातळीवरील आडवा छेद सुमारे दीड चौरस मीटर असतो. म्हणजे दर पंधरा किलोंस ती सुमारे एक सेंटीमीटर खाली जाते. ७५ किलोंच्या माणसासाठी आखलेल्या होडीत आमच्यासारखा बसला की ती अडीच सेंटीमीटर, म्हणजे एक इंच अधिक बुडते. एक इंच ऐकावयास क्षुल्लक वाटतो. परंतु काठच जिथे चार-सहा इंच वर असतो, तिथे एक इंच ही मोठी जहागीर आहे. ती गेली की प्रत्येक लाट माथ्यावरून येते, होडी जड चालते आणि वळावयास नाखूश होते.

यावरून पहिला नियम असा. पत्रकातील 'पेलण्याचा भार' हा आकडा होडी बुडत नाही तिथवरचा असतो. ती नीट चालते तिथवरचा नव्हे. त्याच्या साधारण दोन-तृतीयांश भागास आपली मर्यादा मानावी, आणि तीत आपले वजन, कपडे, पिण्याचे पाणी, डबा, सर्व काही मोजावे. १५० चे दोन-तृतीयांश १००. आम्ही ११६. हिशेब दोन ओळींचा होता; तो आम्ही विकत घेण्यापूर्वी करावयास हवा होता.

दुसरा नियम रुंदीचा. होडी कलंडू न देणारा जो आधार तिच्या आकारापासून मिळतो, तो रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. आमची पहिली होडी ५३ सेंटीमीटर रुंद होती. तीच ६० सेंटीमीटर असती तर हा आधार जवळजवळ दीडपट झाला असता. उलट, माणूस उंच आणि भरदार असला की त्याचा गुरुत्वमध्य वर असतो. म्हणजे ज्याला आधार अधिक हवा, त्याच्याच नशिबी तो कमी येतो.

आणि येथेच त्या म्हाताऱ्या हमालाचे वाक्य आठवते. होडीतील बैठक ३८ सेंटीमीटर रुंद होती आणि आमची कंबर बसल्यावर ४३. त्यामुळे आम्ही बैठकीत बसलोच नव्हतो. तिच्या दोन कडांवर, तीन-चार सेंटीमीटर वर, अधांतरी टेकलो होतो. ओझे जागेवर बसले नव्हते. बैठक एक इंच वर गेली तर सराईत माणसाच्याही होडीला कापरे भरते. मग नवख्याचे काय? सोनारपूरला आम्हांस हसत हसत आत सारणाऱ्यांनी खरे तर तेथेच थांबावयास हवे होते. ज्या होडीत माणसाला ढकलावे लागते, तिच्यातून त्याला ओढावेही लागणार.

तिसरा नियम तोंडाचा आणि पावलांचा. जुन्या धाटणीच्या काही कयाकांचे तोंड लहान आणि लंबगोल असते. पाणी आत येऊ नये म्हणून ते तसे ठेवीत. सडपातळ माणूस त्यात सापासारखा सरकतो. आमच्यासारख्याने मात्र लांब, पुढे निमुळत्या तोंडाची होडी पाहावी. आमच्या अनुभवास उतरलेले माप म्हणजे लांबी ८० ते ८५ आणि रुंदी ४२ ते ४५ सेंटीमीटर. त्यातून बसल्या बसल्या एकेक गुडघा वर घेता येतो. पुढच्या छताची उंचीही मोजावी. अकरा नंबरचे बूट घालणाऱ्याची पावले आत उभी राहिली पाहिजेत. ती आडवी पडली तर काय होते, हे सव्वीस आकड्यांत आम्ही सांगितलेच आहे. पाय टेकण्याच्या पट्ट्या शेवटच्या खाचेपर्यंत सरकवून पाहाव्यात, कारण आधीचा धनी बुटका असेल तर त्याने त्या कधी पुढे नेलेल्याच नसतात आणि त्या गंजून जागच्या जागी बसलेल्या असतात.

इन्युइट लोकांत हा प्रश्नच उद्भवत नसे. त्यांची कयाक ज्याची त्याच्या अंगावर बेतलेली असे. लांबी पसरलेल्या दोन्ही हातांच्या वावेच्या तिप्पट, रुंदी कमरेएवढी अधिक दोन मुठी, खोली एक मूठ आणि वर ताठ केलेला अंगठा, असा त्यांचा ठोकताळा सांगतात. आपल्याकडे शिंपी अंगरखा बेततो तसे हे. वापरलेली होडी मात्र दुसऱ्याच्या अंगावर बेतलेली असते. तेव्हा शिंप्याचाच नियम ध्यानी धरावा : सैल अंगरखा टाचता येतो, आखूड वाढविता येत नाही. बैठक सैल असेल तर बाजूस गाद्या लावता येतात, मांड्यांखाली आधार देता येतो. याचा अर्थ मिळेल ती मोठी होडी घ्यावी असाही नव्हे. फार मोठी होडी पाण्यावर उंच राहते आणि वारा तिला हवे तिकडे नेतो. दोघांची कयाक एकट्याने घ्यावी असे काहीजण सुचवितात; पण एकटा माणूस मागच्या तोंडात बसला की पुढचे टोक आकाशाकडे पाहू लागते. जर्मनीचा ऑस्कर स्पेक १९३२ साली डॅन्यूब नदीतून निघून, आपल्या हिंदुस्थानच्या किनाऱ्यानेही पुढे जात, १९३९ साली ऑस्ट्रेलियाच्या दारापाशी पोहोचला, तो दोघांसाठी बांधलेल्या घडीच्या कयाकेतून. परंतु ती त्याने एकट्यासाठी बदलून घेतली होती, आणि उरलेली जागा त्याच्या संसाराने भरलेली होती. आमच्यासारख्या रविवारच्या नावाड्याने तो मार्ग अनुसरू नये.

चौथा नियम जुन्या मालाचा. फायबरग्लासची होडी असेल तर वरच्या रंगीत लेपावरील केसासारख्या बारीक चिरांना भिऊ नये. पण तळावर अंगठ्याने दाबत जावे आणि बोटाच्या पेराने ठोकत जावे. जिथे मऊ लागेल किंवा आवाज बद्द येईल, तिथे आतील थर सुटले आहेत असे समजावे. आतून बॅटरीच्या उजेडात पांढरे डाग दिसतात का पाहावे. बैठकीखालची आणि टाचांखालची जागा विशेष तपासावी, कारण भारी माणसाचा सारा भार तिथेच येतो. पुढील आणि मागील कप्प्यांत एकेक बादली पाणी ओतून होडी कलती करावी. आडभिंतीतून पाणी मधल्या भागात झिरपले तर ती होडी उलटल्यावर तरंगत राहण्याची खात्री नाही. कप्प्यांच्या झाकणांचे रबर उन्हाने तडकते. प्लास्टिकची होडी मार सोसते, परंतु वर्षानुवर्षे उन्हात पडली असेल तर ठिसूळ होते, करकचून बांधून ठेवली असेल तर तळाला पोक येतो, आणि तिची दुरुस्ती अवघड असते.

पाचवा आणि सर्वांत महत्त्वाचा नियम : पैसे देण्यापूर्वी बसून पाहावे. आधी गवतावर. ज्या बुटांनी आणि ज्या जॅकेटानिशी पाण्यात जाणार, ते घालून अर्धा तास बसावे, वर्तमानपत्र वाचावे. पायांना मुंग्या आल्या तर ती होडी आपली नव्हे. मग डोळे मिटून, हात दोन्ही बाजूंस टेकून एका झटक्यात बाहेर यावे. हाताने पाय ओढावा लागला तर ती होडी आपली नव्हे. त्यानंतर कमरेइतक्या पाण्यात, दोन जाणती माणसे उभी करून, मुद्दाम उलटून पाहावे. उलटल्यावर दुसऱ्याच्या मदतीने पुन्हा आत चढता येते का, हेही तेथेच पाहावे. भारी माणसाला वर ओढणे सोपे नसते. आम्ही दोरीचा एक फास पायरीसारखा जवळ बाळगतो, त्यात पाय देऊन चढता येते.

लाइफ जॅकेटाबद्दल एकच शब्द. धिप्पाड माणसाला दुप्पट जॅकेट लागते, हा समज चुकीचा आहे. पाण्यात आपले शरीर बहुतांशी स्वतःच तरंगते. पन्नास न्यूटनचे साधे जॅकेट सुमारे पाच किलोंचा आधार देते आणि शांत पाण्यात, काठाजवळ, सोबत असताना, पोहता येणाऱ्यास ते पुरते. मात्र ते छातीच्या घेराप्रमाणे घ्यावे आणि पट्टे आवळावेत, नाहीतर ते वर जाते आणि माणूस खाली. २१ मे २०२२ रोजी, ज्या रवींद्र सरोवराकाठी आपली मुले संध्याकाळी खेळावयास जातात, तेथे कालबैशाखीच्या वादळात सरावाची होडी उलटून दोन शाळकरी मुले बुडाली. ती मुले पाण्याला सरावलेली होती. म्हणून आम्ही हात जोडून सांगतो : तळे ओळखीचे आहे, म्हणून जॅकेट घरी ठेवू नका; आणि चैत्र-वैशाखात वायव्येस काळे दिसले की काठ गाठा.

आता उरलेली हकीगत. पहिली होडी विकावयाची होती. एक गृहस्थ आले. अंगाने आमचेच धाकटे बंधू शोभावेत असे. पैसे रोख देण्यास तयार होते आणि आम्ही दिले होते त्याहून अधिक. आम्ही त्यांस सोनारपूरची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "साहेब, मला पोहता येतं." आम्ही म्हणालो, "आम्हांसही येते." ते रागावून गेले. पुढे एका सहकाऱ्याची मुलगी आली. वजन अठ्ठावन्न किलो. ती त्या होडीत बसली आणि तलावावर अशी सरकली, जणू होडी तिच्यासाठीच बांधली होती. तिला आम्ही ती बरीच स्वस्त दिली. त्या होडीत दोष नव्हताच. हे पाहून आमच्या मनातील एक गाठ सुटली, ती सांगितली पाहिजे. त्या अपघातानंतर आम्ही दोन-तीन महिने आपल्या शरीरावर रागावलो होतो. भारी माणसाला ही सवय असते. खुर्ची मोडली, बसमधील जागा अपुरी पडली, तयार सदरा बसला नाही, की तो ओशाळून हसतो आणि चूक आपली मानतो. होडीला मात्र आमच्याविषयी काही मत नव्हते. माप जुळले नव्हते, एवढेच. आणि माप जुळवावयाचे तर आधी खरे सांगावे लागते.

यथावकाश रजेवर गावी गेलो असता अलिबागजवळ एका गृहस्थांकडे दुसरी कयाक पाहिली. लांबी ५२०, रुंदी ६०, तोंड ८४ बाय ४४. गवतावर अर्धा तास बसून आम्ही अग्रलेखासह वर्तमानपत्र वाचले. सौ.नी स्वतः बादलीने पाणी ओतून आडभिंती तपासल्या. समोर कुलाब्याचा किल्ला दिसत होता. मग कमरेइतक्या पाण्यात आम्ही मुद्दाम उलटलो. सौ. मोजत होत्या. चार. किंमत ठरली, तिचा आकडा सांगत नाही, कारण सौ. सभागृहात आहेत आणि त्यांना वाहतुकीचा खर्च अजून ठाऊक नाही.

गेल्या पौषात, भरती-ओहोटीच्या मधल्या स्थिर वेळी, एका मासेमारी नौकेला सोबत घेऊन आम्ही कॅनिंगला मातला नदीत ती होडी घातली. कॅनिंगची रेल्वे १८६३ साली झाली, ती तेथे मोठे बंदर होणार या आशेने. बंदर काही टिकले नाही. गाडी राहिली, आणि तीच आम्हांस सियालदहहून पाण्यापर्यंत नेते. नदी तेथे समुद्राची चाहूल देणारी, रुंद. आम्ही जेमतेम पाऊण तास वल्हवले. गुडघे एकदाही बोलले नाहीत. काठावर सौ. उभ्या होत्या, आणि आम्ही परत येताना पाहिले, त्या मोजत नव्हत्या. डबा उघडून सोबतच्या नावाड्याच्या मुलाला थालीपीठ देत होत्या.

मंडळी, आपण सारे घरापासून दूर आलो. येथे जे मिळाले ते बहुतेक दुसऱ्याच्या मापाचे होते : घरे, भाषा, हवा, कचेरीच्या वेळा. कुठे गादी लावली, कुठे पट्टी सरकविली आणि पन्नास वर्षे हे मंडळ पाण्यावर राहिले. ज्यांनी ते चालविले त्यांनी प्रत्येक नवीन कुटुंबाला, तो भार किती हे न विचारता, नीट बसावयास जागा करून दिली. आम्ही आलो तेव्हा आम्हांसही दिली, आणि आमचे खरे वजन तर आपणांस आज कळले.

सोनारपूरची पुष्करिणी सियालदहहून अर्ध्या तासावर आहे. ज्यांना शिकावयाचे असेल त्यांनी रविवारी सकाळी दक्षिण शाखेच्या फलाटावर यावे. जॅकेट आमच्याकडे आहेत. वजन मात्र खरे सांगावे लागेल. कोले मार्केट वाटेतच आहे.